पेशीपटलाला वळण कोण देतं, मेद की प्रथिनं?

सांजधारा

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीपटलाचं ते प्रसिद्ध चित्र इथे बहुतेकांनी कधी ना कधी वहीत काढलं असेल. गोल डोकं आणि दोन शेपट्या असलेले मेदरेणू दोन ओळींत, शेपट्या आत, डोकी बाहेर, आणि मधूनमधून रुतलेली प्रथिनं. सिंगर आणि निकोलसन यांनी 1972 मध्ये मांडलेलं हे 'फ्लुइड मोझेक' प्रारूप. ते आजही टिकून आहे, पण पुस्तकात ते पट्टीने आखल्यासारखं सपाट छापलेलं असतं. त्यातून मुलांच्या डोक्यात एक समज घट्ट बसतो: मेद म्हणजे नुसता पसरलेला थर, खरं काम प्रथिनं करतात. हा समज दूर व्हावा असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

शरीरात सपाट पटल शोधायला गेलं तर क्वचितच सापडतं. तांबडी रक्तपेशी दोन्ही बाजूंनी मध्यभागी खोलगट. मायटोकॉन्ड्रियाचं आतलं पटल घड्याघड्यांचं. चेतापेशीच्या टोकाशी जेमतेम 40 नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका, म्हणजे पटलाच्याच इवल्या पिशव्या, दाटीवाटीने बसलेल्या. पटलाची जाडीच मुळी 5 नॅनोमीटरच्या आसपास असते. म्हणजे अशा पुटिकेत बाहेरच्या थराचं क्षेत्रफळ आतल्या थराच्या दीडपटीहून जास्त भरतं. इतकं तीव्र वळण आपोआप येत नाही.

थर दोन असतात हे कसं कळलं ती हकिकतही सांगण्यासारखी आहे. 1925 साली लायडनमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तपेशींतले मेद अ‍ॅसिटोनने काढले आणि पाण्यावर एका रेणूच्या जाडीत पसरले. क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणून थर दोन. पुढे लक्षात आलं की अ‍ॅसिटोनने सगळे मेद निघतच नाहीत, आणि वाळवलेल्या पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन्ही चुका एकमेकींत वळत्या झाल्या आणि उत्तर बरोबर आलं.

हे दोन थर सारखे नसतात, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितलं जातं. रक्तपेशीच्या बाहेरच्या थरात मुख्यतः फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिन असतं, तर आतल्या थरात फॉस्फॅटिडिलसेरिन आणि फॉस्फॅटिडिलइथॅनोलमाइन. ब्रेचर यांनी 1972 मध्येच ही विषमता दाखवली होती. मेदरेणूंच्या आकारातही फरक आहे. फॉस्फॅटिडिलकोलीन साधारण दंडगोल, त्याचे रेणू शेजारी शेजारी रचले तर थर सपाट राहतो. फॉस्फॅटिडिलइथॅनोलमाइनचं डोकं लहान आणि शेपट्यांचा पसारा मोठा, त्यामुळे त्याचा थर डोक्यांच्या बाजूला अंतर्गोल व्हायला बघतो. एकच शेपटी उरलेल्या लायसोलिपिडचं याच्या बरोब्बर उलट.

मग प्रश्न असा: पटल वाकतं ते मेदांच्या या आकारामुळे, की प्रथिनं त्याला धरून वाकवतात? ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

तळ्यातमळ्यात

उत्तम विषय. मी भौतिकशास्त्राकडून येतो, तेव्हा आधी हिशेब मांडतो.

रेणूंना सतत बसणाऱ्या उष्णतेच्या धक्क्यांची ऊर्जा मोजायचं एकक म्हणजे केटी. पटलाचा वाकण्याला होणारा विरोध साधारण 20 केटी असतो. हेलफ्रिच यांनी 1973 मध्ये दिलेल्या सूत्रात तो घातला, तर सपाट पटलाची पूर्ण गोल पुटिका करायला आठ गुणिले पाय गुणिले 20, म्हणजे जवळपास 500 केटी लागतात. यातली सुंदर गोष्ट अशी की पुटिकेच्या आकारमानाचा इथे संबंधच येत नाही. 40 नॅनोमीटरच्या पुटिकेलाही तेवढीच किंमत आणि 10 मायक्रोमीटरच्या गोलालाही तेवढीच.

500 केटी म्हणजे उष्णतेच्या धक्क्यांनी पुटिका आपली आपण सुटून येण्याची शक्यता शून्यच समजा. पेशीत एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, एक रेणू मोडला की साधारण 20 केटी मिळतात, म्हणजे एका पुटिकेमागे पंचवीसेक एटीपींएवढी ऊर्जा. ती दर वेळी एटीपी मोडूनच मिळवावी लागते असं नाही. प्रथिनं पटलाला आणि एकमेकांना चिकटताना जी ऊर्जा सुटते, तीही कामी येते.

तेव्हा 'मेद की प्रथिनं' हा प्रश्न माझ्या दृष्टीने असा होतो: हे 500 केटी कोण किती भरतं? दोन्ही थरांतले मेदरेणू मुळातच त्या वळणाला साजेसे असतील तर किंमत उतरते. उरलेला भार प्रथिनांवर.

लालपेशी

हा धागा बघून राहवलं नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज ज्या पेशी बघतो त्यांच्याबद्दलच चर्चा चालली आहे.

निव्वळ मेदांमुळे आकार बदलतो याचा पुरावा रक्तपेशीच देते. 1974 मध्ये शीट्झ आणि सिंगर यांनी मांडलं की दोन थरांपैकी एकाच थरात बाहेरचा रेणू घुसला तर तो थर पसरतो आणि पेशी त्या बाजूला फुगते. क्लोरप्रोमाझिन हे औषध धनभारित आहे. ते पटल ओलांडून आतल्या ऋणभारित फॉस्फॅटिडिलसेरिनपाशी जमतं, आतला थर पसरतो आणि पेशी वाटीसारखी होते. उलट, ऋणभारित रेणू बाहेरच्या थरात साचले तर पेशीच्या अंगावर टोकं उभी राहतात. यात प्रथिनांना कोणी हातही लावलेला नसतो.

तरीही रक्तपेशीचा भक्कमपणा येतो तो प्रथिनांतूनच. पटलाच्या आतल्या अंगाला स्पेक्ट्रिनची जाळी असते. अँकिरिन ती जाळी पटलात रुतलेल्या 'बँड 3' या प्रथिनाशी बांधून ठेवतं. ही बांधणी जन्मतः कच्ची असेल तर पटलाचे बारीक तुकडे गळत राहतात. पृष्ठभाग घटतो, आतला ऐवज तेवढाच राहतो, आणि पेशीला गोल होण्यावाचून गत्यंतर नसतं. हा आनुवंशिक स्फेरोसायटोसिस.

हिशेबच करायचा तर निरोगी पेशीचं घनफळ सुमारे 90 घन मायक्रोमीटर आणि पृष्ठभाग सुमारे 140 चौरस मायक्रोमीटर. तेवढ्याच घनफळाच्या गोलाला 97 पुरले असते. म्हणजे चाळीसेक टक्के पटल जादा आहे. या जादा पटलामुळेच आठ मायक्रोमीटरची पेशी प्लीहेतल्या अगदी अरुंद फटींतून अंग चोरून निघते. गोल झालेल्या पेशीला ते जमत नाही, ती तिथेच अडकते आणि नष्ट होते. म्हणून अशा रुग्णाची प्लीहा काढली की रक्तक्षय बराच आटोक्यात येतो, जरी पेशी गोलच राहिल्या तरी.

लेशमन रंग दिलेल्या काचपट्टीवर हे अगदी स्पष्ट दिसतं. निरोगी पेशीच्या मध्यभागी फिका गोल असतो, कारण तिथे ती पातळ असते. स्फेरोसाइट मात्र लहान, गडद, कडेपासून कडेपर्यंत एकसारखी लाल. मग आम्ही ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी बघतो: मिठाचं पाणी क्रमाक्रमाने पातळ करत नेलेल्या नळ्या ओळीने लावायच्या आणि प्रत्येकीत थोडं रक्त घालायचं. निरोगी पेशी साधारण 0.5 टक्क्याच्या खाली गेल्यावर फुटायला लागतात. स्फेरोसाइट त्याआधीच्या नळ्यांतच फुटून वरचं पाणी गुलाबी करतात. त्यांच्याकडे फुगायला जादा पटल शिल्लकच नसतं. ती ओळ उजेडाकडे धरली की पटलाचं क्षेत्रफळ डोळ्यांना दिसतं म्हणा ना.

ओवीची_आई

माहितीपूर्ण धागा, वाचतेय. एक साधा प्रश्न विचारते. पटल मेदांचं आहे, तर आपण जेवणात जे तेल-तूप खातो त्याने ते बदलतं का? ओमेगा-3च्या गोळ्यांच्या जाहिरातींत तर 'पेशींना बळकटी' वगैरे लिहिलेलं असतं.

सांजधारा

@ओवीची_आई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. हो, काही प्रमाणात बदलतं. आहारातली ओमेगा-3 मेदाम्लं तांबड्या पेशींच्या पटलात खरोखर उतरतात, आणि तिथलं त्यांचं प्रमाण रक्ततपासणीत मोजताही येतं. जाहिरातीतल्या 'बळकटी'ला मात्र त्यातून काही आधार मिळत नाही.

थंडीत तूप थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल वाहतं राहतं. संपृक्त मेदाम्लांच्या शेपट्या सरळ असतात, त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. असंपृक्त शेपटीला मध्ये बाक असतो, तिथे दाटी होत नाही. पटलातही हेच घडतं. फरक इतकाच की पेशी ते थिजू देत नाही. ई. कोलाय हा जीवाणू कमी तापमानाला वाढवला तर तो स्वतःच पटलात असंपृक्त मेदाम्लांचं प्रमाण वाढवतो आणि पटलाचा वाहतेपणा जवळपास पूर्वीइतकाच राखतो. सिनेन्स्की यांनी हे 1974 मध्ये मोजून दाखवलं. थंड पाण्यातले मासेही याच मार्गाने जातात. प्राणिपेशींकडे याशिवाय कोलेस्टेरॉल असतं. बाह्यपटलातल्या मेदरेणूंपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त कोलेस्टेरॉलच असतं. म्हणजे आहारातून कच्चा माल येतो, पण मिश्रण पेशी स्वतः ठरवते.

भिंगरी

या विषयाच्या संशोधनात आहे, त्यामुळे प्रथिनांची बाजू मांडते. @तळ्यातमळ्यात यांचा '500 केटी कोण भरतं' हा प्रश्न मला आवडला. त्यावरच पुढे जाते.

प्रथिनं पटल निरनिराळ्या रीतींनी वाकवतात. बार-डोमेन असलेली प्रथिनं स्वतःच कमानीसारखी वाकडी असतात आणि त्यांच्या अंतर्गोल बाजूवर धनभार असतो. पटलाच्या आतल्या थरातले ऋणभारित मेद त्यांना खेचून घेतात, आणि पटल त्या कमानीच्या वळणात बसतं. 2004 मध्ये केंब्रिजच्या मॅकमहोन यांच्या प्रयोगशाळेने अ‍ॅम्फिफायसिनच्या या भागाची रचना प्रसिद्ध केली तेव्हा हे फार स्पष्ट झालं. एप्सिनची तऱ्हा वेगळी. ते पटलाला लागल्यावर त्याच्या एका टोकाची मळसूत्री रचना तयार होते, आणि ती फक्त आतल्या थरात पाचरीसारखी शिरते. लालपेशी यांनी सांगितलेल्या क्लोरप्रोमाझिनचंच तत्त्व, इथे ते प्रथिनाने वापरलं. तिसरी गोष्ट मला सर्वांत रोचक वाटते. 2012 मध्ये असं दिसलं की कुठलाही खास आकार नसलेली प्रथिनंसुद्धा पटलाच्या एकाच बाजूला दाटीने बसवली तर त्यांच्या धक्काबुक्कीनेच पटल वाकतं.

मग क्लॅथ्रिन, म्हणजे खळग्यांवर पिंजऱ्यासारखं अस्तर बांधणारं प्रथिन. 1964 मध्ये रॉथ आणि पोर्टर यांना ते पहिल्यांदा दिसलं ते एडिस इजिप्ती डासाच्या अंड्यात, डेंग्यू पसरवणाऱ्या त्याच डासाच्या. मादीने रक्त प्यायलं की तिची वाढती अंडी बलकाचं प्रथिन भराभर आत ओढतात, आणि त्या वेळी अंड्याच्या पटलावर आतून अस्तर असलेले असंख्य खळगे दिसतात. हे अस्तर क्लॅथ्रिनचं आहे हे 1970च्या दशकात बार्बरा पिअर्स यांनी दाखवलं.

पण खळगा वाकवला म्हणजे काम संपलं नाही, तो शेवटी कापावा लागतो. ते काम डायनॅमिनचं. फळमाशीच्या 'शिबिरे' या वाणात तापमान 30 अंशांच्या आसपास नेलं की माश्या लुळ्या पडतात, थंड केलं की पुन्हा उठतात. त्यांच्या चेतापेशींत मानेपर्यंत तयार झालेले, पण न तुटलेले खळगे अडकून राहिलेले दिसतात. 1991 मध्ये कळलं की या माश्यांत बिघडलेलं जनुक डायनॅमिनचं आहे.

याच पद्धतीने मुंबईतही मोलाचं काम झालं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ओबेद सिद्दीकी यांनी सीमोर बेंझर यांच्याबरोबर 1976 मध्ये तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांचे नवे वाण प्रसिद्ध केले. त्यातल्या 'कोमॅटोस' वाणात बिघडलेलं प्रथिन एनएसएफ निघालं. पुटिका पटलात मिसळवतात ती स्नेअर प्रथिनं. मिसळल्यानंतर गुंतून राहिलेली ही प्रथिनं सोडवण्याचं काम एनएसएफ करतं.

आता पुण्याकडे. आयसरमध्ये थॉमस पुकाडयिल यांच्या गटाने काचेवर मेदांच्या अतिशय बारीक नळ्या तयार करून डायनॅमिन त्या कसं कापतं हे थेट सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. 2015 मध्ये हे प्रसिद्ध झालं. 2018चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. या प्रकारचा प्रयोग मी बघितलेला आहे. काळ्या पार्श्वभूमीवर समांतर चमकत्या रेषा असतात, या मेदाच्या नळ्या. डायनॅमिन सोडलं की रेषेवर काही जागी चमक मंदावते, कारण प्रथिनाच्या वेढ्याखाली नळी आवळली जाते. एटीपीसारखाच ऊर्जा देणारा रेणू जीटीपी मिळाला की त्याच जागी रेषा तुटते आणि दोन्ही टोकं मागे सरकतात. तिथे पेशी नाही, सांगाडा नाही, फक्त मेद, एक प्रथिन आणि जीटीपी.

माझं मत विचाराल तर 'की' हा शब्दच काढून टाकावा. डायनॅमिन पटलावर बसतं ते पीआयपी-2 नावाच्या मेदाला धरून, आणि बाह्यपटलात हा मेद शेकड्याला एखादा असतो. तो काढून घ्या, प्रथिन जागेवर येतच नाही.

शंकासुर

लिपिड राफ्टबद्दल कोणीच लिहिलं नाही. कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिनचे तरंगते तुकडे पटलात असतात आणि त्यांवर ठरावीक प्रथिनं जमतात असं शिकलो होतो. मग कुठेतरी वाचलं की असं काही नसतंच, तो डिटर्जंटचा परिणाम आहे. नक्की काय ते सांगाल का?

भिंगरी

@शंकासुर, यावर वाद बराच झाला आहे, तेव्हा जरा विस्ताराने.

सायमन्स आणि इकोनेन यांनी 1997 मध्ये ही कल्पना ठामपणे मांडली. तेव्हाचा पुरावा बराचसा असा होता: पेशी 4 अंशांना ट्रायटन या डिटर्जंटमध्ये ठेवायच्या आणि जे विरघळत नाही ते राफ्ट. पण थंडी आणि डिटर्जंट दोन्ही पटलाची मांडणी बदलतात, त्यामुळे उरलेला भाग जिवंत पेशीत तसाच होता असं म्हणता येत नाही. आक्षेप रास्त होता.

दुसरीकडे, कृत्रिम पटलात कोलेस्टेरॉल, स्फिंगोमायलिन आणि असंपृक्त मेद योग्य प्रमाणात मिसळले की दोन वेगळे द्रव भाग सूक्ष्मदर्शकाखाली उघड दिसतात. यीस्टच्या रिक्तिकेवरही उपासमारीच्या काळात असे भाग दिसतात. म्हणजे मेदांमध्ये वेगळं होण्याचा कल आहे हे निश्चित. बाह्यपटलात मात्र असे मोठे तुकडे दिसत नाहीत.

इथे बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रातलं सत्यजित मेयर यांचं काम फार महत्त्वाचं आहे. रसायनशास्त्रातली एमएस्सी त्यांनी आयआयटी मुंबईतून केली. पटलाच्या बाहेरच्या थरात मेदाच्या नांगराने अडकवलेली जी प्रथिनं असतात, ती काही नॅनोमीटरच्या अगदी छोट्या समूहांत असतात, एकेका समूहात मोजकेच रेणू, हे त्यांच्या गटाने दाखवलं. नुसत्या मेदांच्या कलाने हे समूह बनत नाहीत. पटलाखाली अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे आखूड तंतू मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर सतत सरकत असतात, आणि समूह जमतात-विखुरतात ते त्यांच्या हालचालीमुळे. 2012 मध्ये मदन राव यांच्याबरोबर त्यांनी याचं गणिती प्रारूपही दिलं.

पण अ‍ॅक्टिन पेशीच्या आत आणि प्रथिन बाहेरच्या थरात, मग निरोप पोचतो कसा? 2015 मध्ये त्याच गटाने उत्तर दिलं: फॉस्फॅटिडिलसेरिन. आतल्या थरातल्या या मेदाच्या लांब संपृक्त शेपट्या बाहेरच्या नांगराच्या लांब शेपट्यांशी पटलाच्या मध्यावर जुळतात, आणि कोलेस्टेरॉल ती जुळणी स्थिर करतं. तेव्हा राफ्ट म्हणजे तरंगता तराफा हे चित्र सोडावं, पण मेद मांडणी घडवतात ही मूळ गोष्ट सोडू नये.

तळ्यातमळ्यात

@भिंगरी, हे वाचून फार आनंद झाला. म्हणजे ही मांडणी समतोलातली नाही, ऊर्जा खर्च करून सतत टिकवलेली आहे. एटीपीचा पुरवठा तुटला तर समूह विस्कटायला हवेत.

मायटोकॉन्ड्रियाचा उल्लेख धाग्यात वर आला होता, त्यात थोडी भर. आतल्या पटलाच्या घड्यांच्या काठावर एटीपी सिंथेजच्या जोड्या ओळीने बसलेल्या असतात. जोडीतले दोन रेणू एकमेकांशी कोन करून उभे असतात, आणि त्या कोनामुळेच घडीचा काठ तीव्र वळतो. म्हणजे एटीपी बनवणारं यंत्रच पटलाला आकार देतं. शिवाय तिथे कार्डिओलिपिन हा चार शेपट्यांचा मेद लागतो. तो नीट घडवला गेला नाही तर बार्थ सिंड्रोम होतो, आणि लहान मुलांचं हृदय दुबळं पडतं.

लालपेशी

मेदातला छोटासा फरक किती मोठा ठरतो ते 2021 मध्ये आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलं. काळ्या बुरशीच्या रुग्णांसाठी अ‍ॅम्फोटेरिसिन-बी मिळवायला नातेवाईक दारोदार फिरत होते. बुरशीच्या पटलात कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल असतं, आणि हे औषध एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट धरतं, म्हणूनच त्याचा उपयोग होतो. फरक थोडाच असल्यामुळे मूत्रपिंडाला इजा होते. ती कमी व्हावी म्हणून औषध मेदाच्या पुटिकांत भरून देतात, तेच लायपोसोमल इंजेक्शन.

सांजधारा

सगळ्यांचे अगदी मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. वर्गात हे हाताने करून दाखवता येईल असं काही आहे का? आमच्याकडे साधा सूक्ष्मदर्शक आहे, रक्त हाताळायची परवानगी नाही.

भिंगरी

आहे. क्लॅथ्रिनचा पिंजरा कार्डशीटचा करा. सारख्या लांबीच्या बाजूंचे षट्कोन आणि पंचकोन कापायचे. आधी मुलांना फक्त षट्कोन चिकटवायला द्या, कितीही जोडले तरी जाळी सपाटच राहते. पेशीत पटलावर क्लॅथ्रिनचे असे सपाट पट्टेही दिसतात. मग एक पंचकोन बसवायला सांगा, तिथे जाळी लगेच उंचावते. पूर्ण बंद पिंजऱ्याला बरोबर 12 पंचकोन लागतात, षट्कोन कितीही असोत. 12 पंचकोन आणि 8 षट्कोन घेतले तर प्रयोगशाळेत क्लॅथ्रिन स्वतः जो पिंजरा बांधतं त्यातलाच एक तयार होतो. मुलांना त्याचे कोपरे मोजायला लावा, 36 भरतील. प्रत्येक कोपऱ्यावर क्लॅथ्रिनच्या तीन पायांच्या एका रेणूचा मध्य असतो.

आत एक फुगा ठेवून पिंजरा बंद केलात तर पुढचा प्रश्न मुलंच विचारतील, की पुटिका आत गेल्यावर हा पिंजरा काढतं कोण. एचएससी-70 नावाचं प्रथिन, ऑक्झिलिनच्या मदतीने, आणि तिथे एटीपी खर्च होतो. @तळ्यातमळ्यात यांच्या हिशेबातली उधारी पेशी तिथे फेडते.